घरी बांधलेला सीडी ट्रान्सपोर्ट : हौशी तंत्रज्ञांच्या स्वनिर्मितीचा आणि परावलंबनाचा इतिहास

प्रस्तावना

घरगुती ध्वनियंत्रांचा इतिहास प्रामुख्याने कंपन्या, पेटंटे आणि विक्रीचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. या यंत्रांचे दुसरेही एक जग होते. सुटे भाग जमवून, विद्युत मंडलांचे आराखडे वाचून स्वतःच्या हाताने यंत्र उभे करणाऱ्या हौशी तंत्रज्ञांचे ते जग होय. १९२० च्या दशकातील स्फटिक रेडिओपासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत आणि पुढे ट्रान्झिस्टरपर्यंत ही परंपरा चालत आली. ब्रिटनमधील 'वायरलेस वर्ल्ड', १९६० च्या दशकात नेदरलँड्समध्ये सुरू झालेले 'एलेक्टुर', १९७० पासूनचे अमेरिकेतील 'द ऑडिओ अमॅच्युअर' अशा नियतकालिकांनी तिची जोपासना केली. 'एलेक्टुर'च्या इंग्रजी रूपाची, म्हणजे 'एलेक्टर'ची, भारतीय आवृत्ती १९८० च्या दशकात मुंबईहून निघत असे आणि त्यातील आराखड्यांसाठी लागणारे भाग शोधायला लॅमिंग्टन रोडच्या दुकानांची पायरी चढावी लागे.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि या परंपरेपुढे एक वेगळाच पेच उभा राहिला. अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधता येतो. ध्वनिक्षेपकाची पेटी सुताराकडून करून घेता येते. रेकॉर्ड वाजविणारी फिरती तबकडीदेखील चांगल्या लेथवर घडविता येते. परंतु लेसर किरणाने वाचली जाणारी तबकडी वाजविणारे यंत्र घरी 'बांधणे' म्हणजे नेमके काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार सीडी ट्रान्सपोर्ट या एका उपकरणाच्या आधारे केला आहे. ट्रान्सपोर्ट म्हणजे तबकडी फिरवून तिच्यावरील अंकीय माहिती वाचणारे व ती तारेवाटे पुढे पाठविणारे यंत्र. त्या माहितीचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे दुसरे उपकरण, ज्याला 'डॅक' म्हणतात, ते त्याच्याबाहेर असते. हौशी तंत्रज्ञांनी या दोहोंमधील सीमारेषेवर जे काम केले त्यातून त्यांच्या स्वातंत्र्याचा जसा प्रत्यय येतो, तसाच त्या स्वातंत्र्याला आधार देणाऱ्या कारखान्याचाही येतो.

बंदिस्त पेटी

कॉम्पॅक्ट डिस्कचा नमुना फिलिप्सने ८ मार्च १९७९ रोजी आइंडहोव्हन येथे वार्ताहरांना दाखविला. त्यानंतर फिलिप्स व सोनी यांच्या अभियंत्यांनी एकत्र बसून १९८० मध्ये प्रमाणके निश्चित केली. ती 'रेड बुक' या नावाने ओळखली जातात. तबकडीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, असे हे गणित होते. ४४,१०० हा विचित्र वाटणारा आकडा संगीतशास्त्रातून आलेला नाही. अंकीय ध्वनी साठविण्यासाठी त्या काळी व्हिडिओ टेपचा वापर होत असे. चित्राच्या एका ओळीत ३ नमुने, २४५ ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रे यांचा तो गुणाकार आहे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचे सीडीपी-१०१ हे यंत्र जपानमध्ये १,६८,००० येन किमतीला विक्रीस आले. फिलिप्सचे सीडी-१०० त्यापाठोपाठ आले.

या यंत्राच्या अंतरंगात घडणारी क्रिया थक्क करणारी आहे. तबकडीवरील सर्पिल मार्गाच्या दोन वळणांमध्ये १.६ मायक्रोमीटर एवढेच अंतर असते. हा मार्ग सरळ ताणला तर त्याची लांबी ५ किलोमीटरहून अधिक भरेल. आतल्या बाजूला तबकडी मिनिटाला सुमारे ५०० वेळा फिरते व बाहेरच्या कडेला पोहोचेपर्यंत तो वेग सुमारे २०० वर येतो, कारण मार्ग भिंगाखालून समान गतीने सरकला पाहिजे. फिरताना तबकडी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वरखाली होऊ शकते. किरणाचे केंद्र मात्र काही मायक्रोमीटरच्या मर्यादेत राखावे लागते. ही कसरत भिंगाभोवतीची बारीक वेटोळी व चुंबक करतात आणि त्यांना क्षणोक्षणी आज्ञा देण्याचे काम सर्व्हो मंडल करते. ओरखडा किंवा बोटाचा ठसा यांमुळे माहितीचा काही भाग वाचला गेला नाही तर रीड व सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिती संकेतांच्या आधारे ती पूर्ववत केली जाते. मार्गावर सुमारे २.५ मिलिमीटर लांबीचा भाग नष्ट झाला तरी मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळविण्याची सोय या रचनेत आहे.

ही सर्व माहिती गुप्त नव्हती. फिलिप्सच्या 'टेक्निकल रिव्ह्यू' या नियतकालिकाने १९८२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र अंक काढला होता आणि अभ्यासू वाचकाला त्यातून यंत्राचे तत्त्व पूर्णपणे कळत होते. तथापि कळणे आणि करता येणे यांत अंतर पडले ते येथेच. लेसर पिकअप घरी घडविता येत नाही. संकेत उलगडणारी चिप घरी ओतता येत नाही. रेडिओच्या काळात हौशी माणूस वेटोळे स्वतः गुंडाळत असे. सीडीच्या काळात त्याचे काम कारखान्यात तयार झालेल्या भागांची निवड आणि त्यांची परस्परांशी जुळणी एवढ्यापुरते उरले. हा फरक अनेकदा दुर्लक्षिला जातो.

पेटी दुभंगते

प्रारंभीची यंत्रे अखंड होती. तबकडी आत घालायची आणि मागून ध्वनिसंकेत घ्यायचा. परंतु रूपांतरक चिप वेगाने सुधारत गेल्या. फिलिप्सच्या पहिल्या यंत्रात १४ बिटांची टीडीए १५४० ही चिप होती, तर १९८० च्या दशकाच्या मध्यावर १६ बिटांची टीडीए १५४१ आली. तबकडी वाचणारी यंत्रणा तीच राहिली आणि रूपांतरक मात्र दर दोन-तीन वर्षांनी जुना ठरू लागला. त्यामुळे या दोघांचा संसार वेगळा करण्याची कल्पना पुढे आली. त्यासाठी लागणारा दुवा उपलब्ध होता. सोनी व फिलिप्स यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून 'एसपीडीआयएफ' म्हणून ओळखली जाणारी जोडणी ७५ ओहमच्या एकाच समाक्ष तारेवरून दोन्ही वाहिन्यांची अंकीय माहिती वाहून नेत असे.

हौशी तंत्रज्ञांना या विभाजनाने दार उघडून दिले. फिलिप्सची एसएए ७२२० ही चिप, जी मुळात अंकीय गाळणी म्हणून बसविलेली असे, तिच्याच एका पिनवर एसपीडीआयएफ संकेत तयार मिळत होता. अनेक स्वस्त यंत्रांत तो बाहेर आणलेलाच नव्हता. लहानसा पल्स ट्रान्सफॉर्मर, दोन रोधक आणि मागच्या पत्र्यावर एक छिद्र एवढ्या भांडवलावर सामान्य सीडी प्लेअरचा ट्रान्सपोर्ट होत असे. अमेरिकेत वॉल्ट युंग यांनी 'द ऑडिओ अमॅच्युअर'मधून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलिप्स-मॅग्नाव्हॉक्स यंत्रांच्या सुधारणेवर सविस्तर लेख लिहिले. ब्रिटनमधील मेरिडियनसारख्या कंपनीनेही आरंभी फिलिप्सचेच यंत्र घेऊन त्यात आपली सुधारणा करून विकले होते. याचा अर्थ असा की त्या काळात नामांकित उत्पादक आणि घरातला हौशी माणूस यांच्या कामाची जात एकच होती.

फिलिप्सच्या वाचनयंत्रणेबद्दल येथे थोडे अधिक सांगावयास हवे. सीडीएम-१ व तिच्या घराण्यातील यंत्रणांमध्ये भिंग रुळावरून सरकत नसे, तर रेकॉर्डवरील सुईच्या दांड्याप्रमाणे एका आसाभोवती चाप काढीत फिरे. त्यात दाते नाहीत, पट्टा नाही, घसारा अत्यल्प. धातूचा ओतीव सांगाडा असलेली ही यंत्रणा मरांट्झ, रेव्हॉक्स, ग्रुंडिग अशा अनेकांच्या यंत्रांत बसली आणि हौशी वर्तुळात तिला पुढे जवळजवळ पूजनीय स्थान मिळाले. नंतरच्या सीडीएम-१२ मालिकेत भिंग दातेरी चाकांनी सरकू लागले व प्लॅस्टिकचा वापर वाढला. कंपनीच्या हिशेबाने ती प्रगती होती. बांधणाऱ्यांनी तिला अवनती म्हटले, आणि टिकाऊपणाच्या कसोटीवर त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

घड्याळ कोणाच्या हाती?

विभाजनाची किंमतही होती. अखंड यंत्रात एकच क्वार्ट्झ स्फटिक वाचन आणि रूपांतर या दोन्ही क्रियांना ताल देतो. दोन पेट्या झाल्या की स्फटिक राहतो ट्रान्सपोर्टमध्ये आणि तालाची खरी गरज असते डॅकमध्ये. एसपीडीआयएफच्या तारेत माहिती व ताल एकाच संकेतात गुंफलेले असतात. पलीकडच्या ग्राहक चिपला संकेताच्या चढउतारांवरून ताल पुन्हा शोधून काढावा लागतो. या शोधलेल्या तालात जी सूक्ष्म थरथर राहते तिला जिटर म्हणतात. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात ख्रिस डन व माल्कम हॉक्सफर्ड यांनी या जोडणीतच मूलभूत दोष आहे का, असा प्रश्न शीर्षकातूनच विचारणारा निबंध मांडला. तारेची वारंवारता-मर्यादा आणि वाहून नेली जाणारी माहिती यांच्या संयोगाने तालात माहितीनुसार बदलणारी थरथर निर्माण होते, हे त्यांनी दाखवून दिले.

हौशी तंत्रज्ञांच्या दृष्टीने हा निबंध महत्त्वाचा ठरला. 'शून्य आणि एक तर तेच आहेत, मग फरक कशाचा?' हा आक्षेप तोवर त्यांना निरुत्तर करीत असे. आता बिट तेच राहूनही त्यांची वेळ ढळू शकते, असे मांडता येऊ लागले. साधे गणित केले तरी प्रश्नाची सूक्ष्मता ध्यानात येते. २० किलोहर्ट्झचा पूर्ण उंचीचा स्वर १६ बिटांच्या अचूकतेने उमटवायचा आणि चूक अर्ध्या पायरीहून कमी ठेवायची तर वेळेतील ढळ सुमारे १२० पिकोसेकंदांच्या आत हवी. एवढ्या अवधीत प्रकाश ४ सेंटिमीटरही पुढे जात नाही.

उपाय तत्त्वतः सोपा होता. स्फटिक डॅकच्या शेजारी ठेवावा आणि त्याचा ताल उलट्या दिशेने ट्रान्सपोर्टला पाठवावा. ग्लासगोच्या लिन कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी कारिक व न्यूमरिक या जोडीत अशी सोय केली होती. घरी बांधणाऱ्याला तर कोणत्याही कंपनीच्या परस्परमेळाची चिंता नव्हती, कारण दोन्ही पेट्या त्याच्याच होत्या. जुन्या फिलिप्स यंत्रातील ११.२८९६ मेगाहर्ट्झचा स्फटिक काढून त्या जागी डॅककडून येणारी तार जोडणे, हे एका रविवारचे काम होते. (हा आकडा म्हणजे ४४,१०० ची २५६ पट.) किंबहुना असे म्हणता येईल की या एका बाबतीत घरचा कारागीर बाजारातील बहुसंख्य उत्पादकांच्या पुढे होता. उत्पादकाला आपला ट्रान्सपोर्ट दुसऱ्याच्या डॅकशी जुळवून विकायचा होता. त्यामुळे सदोष असली तरी सर्वमान्य जोडणी त्याला सोडता येत नव्हती.

तथापि कानाला हे कितपत ऐकू येते, हा प्रश्न वेगळा आहे आणि हौशी लेखनात तो बहुधा बाजूला सारला गेला. १९९८ मध्ये बेंजामिन व गॅनन यांनी केलेल्या चाचण्यांत तीव्र शुद्ध स्वरावर सुमारे १० नॅनोसेकंद आणि प्रत्यक्ष संगीतावर २० नॅनोसेकंदांहून कमी जिटर श्रोत्यांना ओळखता आला नाही. जपानमधील अशिहारा व सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात यादृच्छिक जिटरची ही मर्यादा कित्येकशे नॅनोसेकंदांपर्यंत गेली. पिकोसेकंदांसाठी रात्री जागविणाऱ्या माणसाला हे आकडे रुचणारे नाहीत. परंतु ते दुर्लक्षून या चळवळीचा इतिहास लिहिणे योग्य होणार नाही. घड्याळ योग्य जागी आणण्याचा आग्रह अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्दोष होता. त्यातून ऐकू येणाऱ्या फरकाविषयीचे दावे मात्र पुराव्याच्या फार पुढे धावत होते.

दगडी बैठक आणि सोल्डरचा ठिपका

घरी बांधलेल्या ट्रान्सपोर्टची छायाचित्रे पाहिली तर पहिली नजर जाते ती त्याच्या वजनाकडे. जाड अ‍ॅल्युमिनियमची पाटी, ग्रॅनाइटचा चौथरा, पितळी पाय, वरून उघडणारे झाकण आणि तबकडीवर ठेवायचे चुंबकी दाबण. ही सवय रेकॉर्डच्या तबकडीकडून वारशाने आली. रेकॉर्डमध्ये फिरण्याच्या वेगातील प्रत्येक हेलकावा थेट स्वरात उतरतो, म्हणून तेथे वजन हेच औषध असते. सीडीत तसे नाही. वाचलेली माहिती आधी एका छोट्या स्मृतीत साठते व स्फटिकाच्या तालावर तिथून बाहेर पडते. स्मृती भरू लागली की मोटर मंद होते, रिती होऊ लागली की वेग घेते. तबकडी स्फटिकाची चाकर आहे. तेव्हा चौथऱ्यावर खर्च झालेले श्रम पुष्कळदा सौंदर्यासाठीच होते, असे म्हणणे भाग आहे. सर्व्हो मोटरचा झटका घड्याळाच्या वीजपुरवठ्यापर्यंत पोहोचू नये म्हणून वेगळा ट्रान्सफॉर्मर व वेगळा नियंत्रक बसविणे, हे डोळ्यांना न दिसणारे काम त्याहून अधिक मोलाचे होते.

या कामाचे काही संकेत केवळ अनुभवी माणसालाच ठाऊक असत. नवा सोनी पिकअप येतो तेव्हा त्याच्या पातळ मंडलपट्टीवर सोल्डरचा एक ठिपका मुद्दाम दिलेला असतो. स्थिर विजेने लेसर डायोड जळू नये म्हणून त्याची टोके त्या ठिपक्याने जोडून ठेवलेली असतात. पट्टी सॉकेटात बसविल्यावर तो ठिपका काढायचा असतो. आधी काढला तर डायोड मरण्याची भीती, काढायचा राहिला तर तबकडी वाचलीच जात नाही. जुळणी झाल्यावर ऑसिलोस्कोपवर पिकअपचा संकेत पाहत. चौकटी-चौकटींची जाळी स्पष्ट दिसली की वाचन नीट, धूसर झाली की भिंगाचा कोन किंवा डायोडचे वय यांविषयी शंका. वरून उघडणाऱ्या झाकणाखाली एक स्विच आवश्यक असे, कारण ७८० नॅनोमीटरचा हा किरण डोळ्याला जवळजवळ दिसत नाही आणि कारखान्याच्या बंद पेटीला मिळणारे 'क्लास १' चे संरक्षण उघड्या पेटीला लागू होत नाही. सुंदर दिसणाऱ्या अनेक आराखड्यांत या स्विचचा उल्लेख नसे, ही गोष्ट निश्चितच गंभीर आहे.

फिलिप्सने व्यावसायिक वापरासाठी काढलेला सीडी-प्रो २ हा संच या टप्प्याचा मानबिंदू म्हणावा लागेल. धातूचा सांगाडा, सर्व्हो व संकेत उलगडणारी मंडले एकाच पाटीवर आणि बाहेरून आज्ञा घेण्यासाठी तीन तारांची जोडणी. हौशी माणसाने त्यावर आपला मायक्रोकंट्रोलर बसवायचा, दर्शक जोडायचा, रिमोट शिकवायचा. हाच संच अत्यंत महागड्या कंपन्यांच्या यंत्रांतही होता. घरातल्या टेबलावरील पेटी आणि दुकानातील लाखमोलाची पेटी यांच्या गाभ्यात एकच वस्तू असणे, ही या इतिहासातील विलक्षण समता होय.

संगणकाकडून आलेली देणगी

ज्यांना सीडी-प्रो २ परवडत नव्हता त्यांनी संगणकाच्या सीडी-रॉम ड्राइव्हकडे मोर्चा वळविला. सीडी-रॉमचे प्रमाणक १९८३ चे. १९९० च्या दशकात ते संगणकांत सर्वत्र पसरले आणि दर एक-दोन वर्षांनी वेगवान ड्राइव्ह येऊन आधीचे अडगळीत जाऊ लागले. अशा बहुतेक ड्राइव्हच्या मागे दोन पिनांवर अंकीय ध्वनिसंकेत मिळे. काहींच्या तोंडावर गाणे सुरू करण्याचे बटणही असे. ५ व १२ व्होल्टचा पुरवठा दिला की संगणकाविना तबकडी वाजे. बटण नसल्यास ४० पिनांच्या जोडणीतून लहानशा मायक्रोकंट्रोलरने आज्ञा पाठवायची. या मार्गाने झालेला ट्रान्सपोर्ट दिसायला ओबडधोबड, आवाजाला थोडा घरघरणारा. पण त्याचा खर्च नाममात्र होता. सोनीचे पहिले प्लेस्टेशन हे खेळाचे यंत्रदेखील १९९४ नंतर काही वर्षांनी असेच ध्वनिप्रेमींच्या टेबलावर चढले आणि २००८ मध्ये 'स्टिरिओफाइल'ने त्याचे रीतसर परीक्षण केले.

महाराष्ट्रात लेसर पिकअपचा हात-परिचय झाला तो ध्वनिप्रेमींमुळे नव्हे, तर चित्रपटांमुळे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून घरोघरी आलेल्या व्हीसीडी यंत्रांत सीडीचीच वाचनयंत्रणा होती. दुरुस्तीच्या दुकानांत 'लेन्स गेली' हे निदान रोज ऐकू येई. लेन्स म्हणजे केवळ भिंग नव्हे, संपूर्ण पिकअप. ती बदलणारा कारागीर सोल्डरच्या त्या ठिपक्याशी पुस्तकाविना परिचित होता. युरोपातील हौशी माणूस ज्या भागावर निबंध वाचीत होता, तोच भाग येथे उपजीविकेचे साधन होता. मात्र या दोन ज्ञानपरंपरांची गाठ क्वचितच पडली.

भागांचा दुष्काळ

स्वनिर्मितीचा हा सारा डोलारा कारखान्याच्या विपुलतेवर उभा होता. लाखोंच्या संख्येने पिकअप तयार होत म्हणून एखादा हौशी माणसाच्या वाट्याला स्वस्तात येई; जुने ड्राइव्ह टाकून दिले जात म्हणून ते भंगारात मिळत. विपुलता ओसरली तशी ही सोयही आटली. संगणकाच्या ड्राइव्हची जोडणी बदलून साटा आली तेव्हा मागच्या त्या दोन पिना नाहीशा झाल्या. सीडी-प्रो २ चे उत्पादन बंद पडले. सोनीच्या पिकअपच्या नकला बाजारात आल्या. त्यांतील काही चालतात, काही पहिल्याच तबकडीवर अडखळतात आणि बाह्य स्वरूपावरून भेद कळत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये, १९८७ नंतर प्रथमच, सीडींपेक्षा व्हिनाइल रेकॉर्ड अधिक संख्येने विकल्या गेल्या. रेकॉर्डची सुई आजही नव्याने घडविता येते. सीडीएम-१ चा दांडा, त्यावरील डायोड आणि त्याला समजणारी चिप यांपैकी एकही गोष्ट कोणी नव्याने करीत नाही.

याचा परिणाम बांधण्याच्या पद्धतीवर झाला. एक मार्ग असा की तबकडी संगणकावर दोनदा-तीनदा वाचून, माहिती ताडून, ती स्मृतीत ठेवायची व तिथून वाजवायची. १९९८ मध्ये आलेल्या 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' या प्रणालीने हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले होते. घड्याळाचा जुना वाद यात आपोआप मिटतो, मात्र ट्रान्सपोर्टही उरत नाही. दुसरा मार्ग नव्या यंत्रणेचा. फिलिप्सच्या व्हिएन्नातील माजी अभियंत्यांनी २००५ मध्ये स्थापन केलेल्या स्ट्रीमअनलिमिटेड या संस्थेने सीडी-प्रो ८ ही वाचनयंत्रणा काढली व प्रो-जेक्टसारख्या उत्पादकांनी ती वापरली. तिसऱ्या मार्गाने जाणारे १९८० च्या दशकातील बंद पडलेली यंत्रे विकत घेतात. एकीचा दांडा शाबूत असतो, दुसरीची सर्व्हो पाटी. दोन मृत यंत्रांतून एक चालते यंत्र निघते आणि उरलेले सांगाडे पुढच्या दुरुस्तीसाठी फळीवर जपून ठेवले जातात.